बद्रीअण्णा आणि खाणीतला पिवळा मासा

वाघोलीच्या बद्रीनाथ गायक्यांनी उभ्या आयुष्यात मासा खाल्लेला नाही. खाणं सोडा, एका बुधवारचा अपवाद वगळता हातातसुद्धा धरलेला नाही. गळ्यात तुळशीची माळ, तीही तीन पिढ्यांची. रस्त्यात मासळीची पाटी दिसली की हे गृहस्थ पलीकडच्या बाजूने जाणार. आणि तरीही वाघोलीपासून कर्वेनगरपर्यंत ज्याच्या कुणाच्या गळाला अनोळखी मासा लागतो, तो आधी फोटो काढतो आणि बद्रीअण्णांना पाठवतो. अण्णांचं उत्तर आल्याशिवाय मासा कापायचा नाही, असा त्या मंडळींचा रिवाजच पडून गेला आहे. ब्रह्मचाऱ्याने लग्नं जुळवावीत तसा हा प्रकार, पण चालला आहे खरा, आणि झकास चालला आहे.

अण्णा मूळचे जालना जिल्ह्यातले, भोकरदनकडचे. विशीत पुण्याला आले, नगर रस्त्यावरच्या एका गिअरच्या कारखान्यात चिकटले आणि तिथूनच इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. त्यांचं काम एकच. समोर आलेला भाग उचलायचा, डोळ्यांजवळ धरायचा, मोजायचा आणि ‘पास’ नाहीतर ‘रिजेक्ट’ म्हणून बाजूला ठेवायचा. पस्तीस वर्षं ज्या माणसाने हेच केलं, त्याला घरी बसवलं तर तो काय करणार? अण्णांनी घर तपासायला घेतलं. दाण्याचा कूट जाडाबारीक पडला, दाराची बिजागरी तिरकी बसली, इस्त्रीवाल्याने सदऱ्याची एक बाही चुरगळली. पंधरा दिवसांत मुक्ताई, म्हणजे त्यांची बायको, इतकी कावली की तिने सांगून टाकलं, आता ओट्यापाशी दिसलात तर मीच तुम्हाला रिजेक्ट करीन. मुलगा तेजस संगणकाच्या कंपनीत. तो सकाळी कानात काहीतरी अडकवून खोलीत शिरायचा तो संध्याकाळी बाहेर यायचा. त्याच्यात तपासण्यासारखं काही हाताला लागत नव्हतं.

राहिली सून, भाग्यश्री. ती कर्वेनगरची, लग्न दोघांनी आपणच ठरवलेलं. मुलगी गुणी, पण सासरा आणि सून यांच्यात दिवसाकाठी तीनच वाक्यं व्हायची. चहा ठेवू का बाबा. येते बाबा. आले बाबा. अण्णांना तिच्याशी बोलायचं असायचं, पण बोलायचं कशावर हे सुचायचं नाही. मुलीच्या जातीशी बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि सासऱ्याशी काय बोलावं याचं शिक्षण तिलाही कुणी दिलेलं नव्हतं.

भाग्यश्री शनिवार पेठेतल्या एका लहानशा संस्थेत काम करते. शहरातल्या नद्या, तळी, खाणी यांत कोणते मासे आहेत, त्यांतले आपले किती आणि बाहेरून आलेले किती, याचा त्या संस्थेत शोध चालतो. बाहेरून येतात म्हणजे काही पोहत येत नाहीत. कुणी शेततळ्यात पाळायला आणलेले पुरात निसटतात. कुणी भाड्याचं घर सोडताना काचेच्या पेटीतले मासे पुण्यकर्म म्हणून तळ्यात सोडून जातो. पेटीत गोंडस दिसणारा तो पाहुणा तळ्यात गेल्यावर आपल्या माशांची अंडी फस्त करून टाकतो. तेव्हा गळ टाकणाऱ्या हौशी लोकांनी फोटो पाठवावेत आणि संस्थेने ते ओळखावेत, अशी भाग्यश्रीने योजना काढली. फोटो इतके आले की ओळखणार कोण हा प्रश्न पडला. एका रविवारी ती जेवणाच्या टेबलावर डोकं धरून बसली होती. अण्णा मागून डोकावले आणि म्हणाले, "हे दोन एक नाहीत. याच्या अंगावरची रेघ सलग आहे, याची मध्येच तुटली."

भाग्यश्री वळून बघतच राहिली. ती रेघच तर बघायची असते. तिने पुस्तकं काढून दिली आणि अण्णांचा दुसरा जन्म सुरू झाला.

महिन्याभरात चिलापी, म्हणजे ती आफ्रिकेतून आलेली तिलापिया, त्यांना तळहाताएवढ्या फोटोतून ओळखू येऊ लागली. अंगावर चिलखत आणि खाली तोंड असलेला सकर, माणसासारख्या दाढांचा रूपचंद, गावरान मांगूर वेगळा आणि चोरून पाळलेला परदेशी मांगूर वेगळा, सगळं त्यांनी कारखान्याच्या शिस्तीने बसवून घेतलं. उत्तरही कारखान्याचंच. आपला मासा असेल तर ‘पास’. बाहेरचा असेल तर ‘परका’. कुणी घाईने भलता फोटो पाठवला तर ‘पुन्हा सादर करा’. गळवाल्यांना हे फार आवडलं. फक्त एकादशीला अण्णा माशांच्या फोटोला हात लावत नसत, फोन देवघराच्या कोनाड्यात ठेवून देत. त्यामुळे झालं असं की ज्यांच्या सात पिढ्यांनी एकादशी पाळली नाही, अशा मटण-मच्छीवाल्या गड्यांना एकादशी कधी आहे ते तोंडपाठ झालं. आज अण्णांचं हापिस बंद हाय, असं ते एकमेकांना सांगत.

या गड्यांतला म्होरक्या पोपट आव्हाळे. वाघोलीलगतचं त्याचं गाव शहरात आलं, जमिनीला सोन्याचा भाव आला, पोपटने चार मजली इमारत बांधून कॉलेजच्या पोरांना खोल्या दिल्या आणि स्वतः गळ घेऊन दगडाच्या जुन्या खाणीवर जाऊन बसला. खाणीत पावसाचं पाणी साठून डोह झालेला आहे. पोपटचे फोटो म्हणजे अण्णांच्या डोक्याला ताप. मासा कमी आणि अंगठा जास्त. एकदा त्याने अण्णांना विचारलं, "आण्णा, तुमीबी जालन्यासनं आला. मग तुमी आपलं का परकं?" अण्णा गंभीरपणे म्हणाले की बाहेरून आलेल्याला इथे पिल्लं झाली की त्याची नोंद स्थायिक म्हणून करतात, असं आमच्या सूनबाई सांगतात, तेव्हा तेजसच्या जन्मापासून मी स्थायिक. पोपट दोन दिवस हसत होता.

पण खरी गंमत घरात झाली होती. संध्याकाळी भाग्यश्री आली की अण्णा दिवसभराचे मासे घेऊन बसत. याचा पर, म्हणजे पोहायचा पंख, असा का, हा खाणीत कसा आला असेल, हा गेल्या आठवड्यातलाच का. चहा निवून जायचा. मुक्ताई दोनदा गरम करून द्यायची आणि तिसऱ्यांदा म्हणायची, आता माशांनाच पाजा. सून सासऱ्याशी वाद घालू लागली, सासरा सुनेला चिडवू लागला. अण्णांना इतकं चांगलं कधीच वाटलं नव्हतं. कारखान्यातसुद्धा नाही, हे त्यांनी कुणाला सांगितलं नसलं तरी खरं होतं.

आणि हेच बंद पडायची वेळ आली. भाग्यश्रीचे वरिष्ठ आमोद सर यांना ही योजना पहिल्यापासून पटत नव्हती. माणूस वाईट नाही, पण बोलणं असं की आंबट ताकात लिंबू पिळावं. मूळचे कारवारकडचे, अभ्यास नदीच्या माशांचा आणि जेवणात समुद्राचे. त्यांचं म्हणणं, फोटो हा पुरावा नव्हे. गळवाले मासा खाऊन मोकळे होतात. आणि ओळखणार कोण, तर गिअर तपासणारे एक सद्गृहस्थ. चुकीची एक ओळख नकाशावर गेली तर बाकीच्या शंभरांवर कोण विश्वास ठेवणार? योजना चालू ठेवायची की गुंडाळायची हे बुधवारी बसून ठरवू, असं त्यांनी सांगितलं. भाग्यश्रीने घरी हे बोलून दाखवलं आणि म्हणाली, "मी सरांना शब्द दिलाय बाबा. तुमची एकही ओळख अजून चुकलेली नाही म्हणून."  योजना गेली तर संध्याकाळी पुन्हा तीन वाक्यांवर यायचं, हे अण्णांना लख्ख दिसलं. त्या रात्री त्यांनी सगळी पुस्तकं पुन्हा वाचायला काढली.

बुधवार उजाडला. भाग्यश्री शनिवार पेठेत गेली. दहाच्या सुमारास अण्णांच्या फोनवर पोपटचा फोटो आला. खाली दोनच शब्द, ‘खानीतला. वळखा.’

अण्णांनी चष्मा पुसला. फोटो मोठा केला, लहान केला, आडवा केला. नेहमीप्रमाणे डोक्याच्या जागी पोपटचा अंगठा होता. पण जे दिसत होतं ते पाहून अण्णा फोन घेऊन खिडकीच्या उजेडात गेले. पिवळाधमक मासा. अंगावर खवला औषधालासुद्धा नाही. पाठीवर पर नाही, पोटाशी पर नाही, शेपूट म्हणावं तर नुसता बुडखा. आणि अंगावर तीन तिरके, खोल, समांतर पट्टे, एकसारख्या अंतरावर, कुणी पट्टी लावून आखावेत असे. अण्णांनी देशी माशांचं पुस्तक पालथं घातलं. परदेशी माशांचं घातलं. काचेच्या पेटीतल्या शोभेच्या माशांचं घातलं. असा मासा जगाच्या पाठीवर कुणी छापलेला नव्हता.

आता वाचक हसतो आहे. वाचकाच्या घरी बुधवार-रविवार पाळला जात असेल तर तो केव्हापासूनच हसतो आहे. पण ज्या घराच्या ओट्यावर माशाची सावली कधी पडली नाही, तिथल्या माणसाला स्वयंपाकाच्या वाटेवरचा मासा कसा दिसतो हे कुठून ठाऊक असणार? पुस्तकातले मासे एक तर पाण्यात असतात, नाहीतर पट्टीशेजारी झोपवलेले असतात. मधली अवस्था कुठल्याच पुस्तकात नाही. मुक्ताईला फोटो दाखवला तर तिने लांबूनच बघून रंग छान आहे म्हटलं आणि नामस्मरणाला लागली. तेजसची खोली बंद होती.

फोटो वाईट असेल तर तो पुढे पाठवायचा नाही, वस्तू हातात घेऊन बघायची, हा अण्णांचा कारखान्यातला नियम. म्हणून त्यांनी फोटो न पाठवता भाग्यश्रीला नुसता रिपोर्ट लिहिला. रंग, थेट हळदीचा. खवले नाहीत. पर नाहीत किंवा अत्यंत आखूड. अंगावर तीन तिरके पट्टे. पूर्वी कुठे नोंद आढळली नाही. शेरा: परका, खात्रीने. आणि पोपटला कळवलं, मासा राखून ठेवा, कापू नका, खाऊ नका, मी येतो.

रिपोर्ट पोचला तेव्हा भाग्यश्री सरांसमोरच बसली होती, आणि सर योजना गुंडाळण्याच्या बेतात होते. तिने रिपोर्ट मोठ्याने वाचला. सरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, असा मासा नाही. आणि असेल तर तो साऱ्या जगाला नवा आहे. चला, डोळ्यांनी बघू. खरा निघाला तर तुमच्या सासऱ्यांना मी हार घालतो. खोटा निघाला तर योजना आजच बंद. भाग्यश्रीने अण्णांना पोपटच्या घरी यायला सांगितलं आणि सरांच्या गाडीत बसली. बाबांचं चुकणार नाही, असं ती स्वतःशीच म्हणत होती, पण नगर रस्त्याची गर्दी त्या दिवशी तिला पहिल्यांदाच बरी वाटली.

अण्णा आधी पोचले. पिशवीत मोजमापाचा जुना व्हर्निअर, स्टीलची पट्टी, भिंग आणि रबरी हातमोजे. माशाला हात लावायला लागणार म्हणून त्यांनी निघताना देवापुढे मिनिटभर डोळे मिटले होते. मुक्ताईने फक्त एवढंच विचारलं की आल्यावर आंघोळीला पाणी तापत ठेवायचं का.

पोपटच्या इमारतीमागे परसात चूल पेटली होती. वर पातेल्यात कालवण रटरटत होतं आणि पोपटची बायको आनंदीबाई पदर खोचून भाकऱ्या थापत होत्या. सर आणि भाग्यश्रीही येऊन ठेपले. पोपटने खुर्च्या मांडल्या. पाहुणे येणार म्हणून त्याने नवा सदरा घातला होता. सरांनी नमस्कार केला आणि मासा कुठे आहे म्हणून विचारलं.

"ह्यो काय," म्हणत आनंदीबाईंनी परातीवरचं फडकं काढलं.

परातीत सात मासे होते. सातही पिवळेधमक. सातांच्याही अंगावर तीन तीन तिरके पट्टे. डोकी एकालाही नव्हती.

अण्णांना क्षणभर वाटलं की सात सापडले, म्हणजे पैदास सुरू झाली. त्यांनी हातमोजे चढवले, खाली बसले, एक मासा हलकेच उचलून व्हर्निअर लावला. बोटं पिवळी झाली. त्यांनी बोटांकडे पाहिलं. मग माशाकडे. मग शेजारच्या विळीकडे, मिठाच्या वाटीकडे आणि हळदीच्या डब्याकडे.  भाग्यश्रीला सगळं कळलं होतं. तिने मान खाली घातली.

"आवं, सकाळी खानीवर ह्यांचा फोन बंद पडला," आनंदीबाई म्हणाल्या. "घरी आल्याव फोटो काढला. तवर मी डोकी काढून, हळद-मीठ लावून चिरा पाडल्या हुत्या." मग तिघांच्या चेहऱ्यांकडे बघून त्यांना अर्थ लागला आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. "म्हंजी हळद माशाला लागली आन् वरात तुमी घिऊन आला व्हय?"

पोपट हसायचं आवरत लाल झाला. आमोद सरांनी परातीत वाकून पाहिलं आणि कोरड्या आवाजात म्हणाले, "गायके साहेब, मासा नवीन नाही. मसाला मात्र उत्तम दिसतोय."

अण्णांचे कान तापले. साठी उलटलेला माणूस, पस्तीस वर्षांत ज्याचा एक रिपोर्ट परत आला नाही, तो रबरी हातमोजे घालून हळदीच्या माशापुढे बसला होता. त्याचं त्यांना काही वाटलं नाही असं नाही, वाटलंच. पण त्यांना खरं लागलं ते सुनेचं खाली बघणं. तिने शब्द दिला होता. ती एकदा जरी हसली असती तरी चाललं असतं.

उठून घरी जावं असं त्यांना वाटलं. मग कारखान्यातली जुनी खोड जागी झाली. रिपोर्ट चुकला तर घरी जायचं नसतं. भंगाराच्या डब्याशी जायचं. खरं काय झालं ते चांगल्या मालात कधीच कळत नाही, काढून टाकलेल्यात कळतं. त्यांनी विचारलं, "वहिनी, साफ करून काढलेलं कुठे टाकलं?"

ते कोपऱ्यात घमेल्यात होतं, मांजर येऊ नये म्हणून वर टोपली झाकलेली. दुपारी पेरूच्या बुडाशी पुरायचं होतं. अण्णांनी जुनं वर्तमानपत्र मागितलं, मांडी घातली आणि घमेलं पुढे ओढलं. ज्याने मासळीची पाटी कधी डोळे भरून पाहिली नाही, तो माणूस खवल्यांच्या चिखलात कोपरापर्यंत हात घालून एकेक पर बाहेर काढू लागला. पाठीचे एकीकडे, शेपट्या एकीकडे, पोटाखालचे एकीकडे. प्रत्येक पर पाण्यात खळबळून कागदावर पसरायचा आणि भिंगातून त्याचे टणक काटे मोजायचे. सर आधी हाताची घडी घालून उभे होते. मग जवळ आले. मग खुर्ची ओढून बसले.

"चिलापीच आहे," अण्णा म्हणाले. "पोटाखालच्या पराला काटे तीन. हा तीन. हाही तीन." असं करत ते पुढे सरकत होते आणि मध्येच थांबले. एक पर त्यांनी पुन्हा धुतला. पुन्हा मोजला. मग भाग्यश्रीच्या हातात भिंगासकट दिला.

भाग्यश्रीने मोजलं. तिचा आवाज बदलला. "सात आहेत, बाबा."

सर खुर्चीवरून उठले. सात काट्यांची चिलापी नसते. हा दुसराच कुणीतरी होता, चिलापीच्या घोळक्यात शिरलेला. आता डोकं हवं होतं. डोकी कुठे आहेत?

"कालवनात," आनंदीबाई म्हणाल्या.

पुढचा प्रसंग पोपट आजही गावात रंगवून सांगतो. आनंदीबाई डावाने रश्श्यातून एकेक डोकं वर काढत होत्या, भाग्यश्री ते ताटात लावत होती, आमोद सर त्यावरचा तर्रीचा थर चमच्याने बाजूला करत होते आणि गळ्यात माळ घातलेले बद्रीअण्णा वाफेने धुरकटलेला चष्मा पुसत, उजेडाच्या बाजूला धरा, उजेडाच्या बाजूला, म्हणून हुकूम सोडत होते. पाचवं डोकं वर आलं. कपाळावर सुपारीएवढा फुगवटा.

"ह्येला टेंगूळ हुतं," आनंदीबाई म्हणाल्या. "मी म्हनलं ह्यांनी दगडावर आपटला आसंल."

"फ्लॉवरहॉर्न," सर म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातलं लिंबू गेलं. हा मासा कुठल्याच नदीचा नाही. माणसाने काचेच्या पेटीत जोड्या लावून घडवलेला. कपाळावरचं टेंगूळ शुभ म्हणून लोक दिवाणखान्यात ठेवतात, आणि भरभराट काही होत नाही असं दिसलं की नेऊन पाण्यात सोडतात. तो खाणीत निघाल्याची त्यांच्या नकाशावर एकही खूण नव्हती.

त्यांनी पोपटला विचारलं, असा आणखी कधी लागला होता का. पोपट डोकं खाजवत म्हणाला की लागतो की, तीन-चारदा लागला. पण टेंगूळ बघून रोगट वाटतो म्हणून तो परत पाण्यात सोडतो, फोटो काय काढायचा रोग्याचा. या खेपेला पहाटेच्या अंधारात पिशवीत गेला असणार. सरांनी ते लिहून घेतलं. जो मासा पकडून पाण्याबाहेर काढायला हवा, तो ही मंडळी रोगट समजून परत सोडत होती, आणि हे शनिवार पेठेतल्या कुठल्याच कागदाला ठाऊक नव्हतं.

मग ते अण्णांकडे वळले. "गायके साहेब, तुमच्या रिपोर्टातली प्रत्येक ओळ चूक आहे. शेवटची सोडून."

शेवटची ओळ होती, परका, खात्रीने. अण्णांनी प्रामाणिकपणे सांगितलं की ती चुकून बरोबर आली. माझा रिपोर्ट रिजेक्टच धरा. सर म्हणाले, तो धरलाच आहे, पण योजना बंद करता येणार नाही. फक्त यापुढे फोटोबरोबर पोटाखालचा पर राखून ठेवायचा, मीठ लावून, हळद न लावता. पोपटने लगेच ते सगळ्यांना कळवतो म्हणून सांगितलं. सर डोकी ठेवा म्हणाले असते तर भांडण झालं असतं. डोक्याशिवाय कालवणाला चव नाही, हे आनंदीबाईंनी बजावून ठेवलं.

टेंगळाच्या माशाचं डोकं, पर आणि मानेशी जुळवून काढलेलं हळदीचं अंग सरांनी बर्फाच्या डब्यात बंद केलं. उरलेले सहा तव्यावर गेले. सरांनी नदीचा मासा मी सहसा खात नाही असं म्हणत दोन भाकऱ्या संपवल्या आणि तिसरी मागून घेतली. अण्णांसाठी आनंदीबाईंनी आत गॅसवर वेगळ्या तव्यावर भाकरी आणि वेगळ्या कढईत पिठलं केलं होतं, आणि ते वेगळं आहे हे तीनदा सांगितलं. भाग्यश्रीला त्यांनी विचारलं, तुमाला काय वाढू? भाग्यश्री चटकन म्हणाली, "मला पण पिठलंच."

"खात न्हाय तुमी?"

 तव्यावर चर्र वाजत होतं आणि भाग्यश्रीची नजर तिकडे गेली होती. अण्णांनी ती नजर पाहिली. तपासणीत आयुष्य गेलेला माणूस तो. पण ती घरात आल्यापासूनच्या चार वर्षांत हे त्यांना दिसलं नव्हतं. कर्वेनगरला हिच्या माहेरी दर रविवारी मासे असतात, हे त्यांना ठाऊक होतं. लग्न होऊन आली तेव्हा हिला कुणी खाऊ नको म्हटलं नव्हतं. कुणी खा असंही म्हटलं नव्हतं. दिवसभर माशांमध्ये काम करणारी ही मुलगी, सासऱ्याच्या माळेकडे बघून, गुपचूप उपाशी राहिली होती. घरीच नाही तर बाहेरही. 

अण्णा पानावरून उठले. आनंदीबाईंच्या हातातलं उलथणं त्यांनी मागून घेतलं. त्यांना ते नीट धरताही येत नव्हतं. तव्यावरचा सगळ्यात चांगला, दोन्हीकडून खरपूस झालेला मासा त्यांनी उचलला, दोनदा निसटला, तिसऱ्यांदा सावरून भाग्यश्रीच्या ताटात ठेवला.

"बाबा, नको, खरंच," ती म्हणाली.

"मी सकाळपासून याच्यात हात घालू राहिलो, मला काही झालं नाही," अण्णा म्हणाले. "माळ माझी आहे, तुझी नाही. खा."

भाग्यश्रीने एक तुकडा मोडला. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. सर आपल्या ताटात बघत राहिले, पोपटने उगीच चुलीत लाकूड सारलं. अण्णा शेजारी बसून पिठलं-भाकरी खाऊ लागले. दोन घास झाल्यावर त्यांनी मान वळवून तिच्या ताटाकडे बारकाईने पाहिलं.

"पाठीकडचे काटे जास्त असतात याला," ते म्हणाले. "सावकाश खा गं."